दोन जिने चढवता येईल असे चाक

प्रश्न : माझे वय ४१ आणि वजन ८४ किलो आहे. कामाचे ठिकाण घरापासून ९ किलोमीटरवर आहे. रस्ता बहुतांशी डांबरी आहे, मात्र मधला थोडा भाग उखडलेला आहे आणि घराजवळ एक लांब चढ लागतो. घर दुसऱ्या मजल्यावर असून इमारतीला लिफ्ट नाही. मला इलेक्ट्रिक युनिसायकल, म्हणजे बॅटरीवर चालणारे एकाच चाकाचे वाहन, घ्यायची आहे, पण आजवर मी ती एकदाही चालवलेली नाही. समोर तीन पर्याय आहेत. पहिला, नवी १४ इंची, १२ किलो वजनाची आणि ३२० वॉट-अवर (बॅटरीत मावणाऱ्या विजेचे माप) बॅटरीची. दुसरा, एकाच चालकाने तीन वर्षे वापरलेली किंगसाँग १६-एस, १६ इंची, ८४० वॉट-अवर, वजन १७ किलोच्या आसपास. तिसरा, मित्राने सुचवलेली २० इंची, सस्पेन्शन असलेली, ३५ किलोहून जड आणि ताशी ७० किलोमीटरच्या पुढे जाणारी. मित्र म्हणतो, 'एकदाच काय ते मोठे घे, नाहीतर सहा महिन्यांत पुन्हा पैसे घालशील.' त्याचे ऐकावे का? – एक वाचक

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आपले वजन, रोजचे अंतर आणि जिने या तिन्ही गोष्टी आपण न विचारता सांगितल्यात, त्यामुळे माझे काम निम्मे झाले. या वाहनाविषयी लिहिणारे बहुतेक जण पहिला प्रश्न वेगाचा करतात आणि स्वतःचे वजन सांगायचे राहून जाते. प्रत्यक्षात निवड ठरते ती बरीचशी वजनावरूनच. कारणांकडे वळण्यापूर्वी निकाल सांगून टाकतो. आपण दुसरा पर्याय घ्यावा, परंतु पुढे सांगितलेली बॅटरीची तपासणी झाल्यावरच. मित्राचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही, त्याकडेही येईन. हे वाहन चालवणारी मंडळी आपसांत त्याला नुसते 'चाक' म्हणतात, तेव्हा मीही यापुढे तोच शब्द वापरतो.

चाकाच्या मध्यभागी मोटर बसवलेली असते, दोन्ही बाजूंना पाय ठेवण्यासाठी पेडल असतात, आणि आतली यंत्रणा पुढे-मागे झालेला कल क्षणोक्षणी मोजून मोटरला किती जोर लावायचा ते ठरवत असते. आपण पुढे झुकलो की आपल्याखाली राहण्यासाठी चाक पुढे धावते, मागे रेललो की ते मंदावते. डावी-उजवीकडचा तोल मात्र यंत्र सांभाळत नाही. तो सायकलवर सांभाळतो तसा आपल्यालाच सांभाळावा लागतो. खरेदीच्या दृष्टीने यातली मर्माची गोष्ट अशी की पळवणारी आणि सावरणारी मोटर एकच आहे. स्कूटरची ताकद संपली तर ती आणखी वेगाने जात नाही, एवढेच होते. चाकाची ताकद संपली तर ते आपल्याखाली येऊ शकत नाही आणि आपण तोंडावर पडतो.

ही ताकद नेमकी केव्हा संपते, हे समजून घेतल्याशिवाय कोणत्याही जाहिरातीतला आकडा वाचू नये. फिरणारी मोटर जनित्रासारखी स्वतःही वीज निर्माण करत असते आणि तिचा विद्युतदाब, म्हणजे व्होल्टेज, बॅटरीच्या दाबाच्या विरुद्ध असतो. वेग जितका जास्त, तितका हा विरोधी दाब जास्त, आणि तितका मोटरला जोर लावायला उरलेला वाव कमी. त्यात बॅटरी उतरू लागली की तिचा स्वतःचा दाबही उतरतो. आपल्या दुसऱ्या पर्यायातल्या चाकाची बॅटरी एकापुढे एक जोडलेल्या १६ सेलच्या (बॅटरीच्या छोट्या घटकांच्या) मालिकेची आहे, म्हणजे पूर्ण चार्ज झाल्यावर ६७.२ व्होल्ट, तेच जवळजवळ रिकामे झाले की आकडा पन्नाशीच्या आसपास येतो. सकाळी ज्या वेगाला चाक आरामात सावरत होते, त्याच वेगाला संध्याकाळी, वीस टक्के बॅटरीवर, चढावर आणि मध्येच आलेल्या खड्ड्यात ते सावरेलच असे नाही. म्हणून पहिले चाक घेताना कमाल वेग किती, यापेक्षा आपण ज्या वेगाने जाणार त्या वेगाला त्याच्यापाशी राखीव ताकद किती उरते, हे पाहायचे असते.

हे मी पुस्तकी सांगत नाही. माझे पहिले चाक लहान होते आणि माझे वजन त्याला पेलण्याच्या काठावर होते. एका संध्याकाळी घराजवळच्या चढावर त्याने बीप-बीप सुरू केले, पेडलचा पुढचा भाग किंचित वर उचलला, आणि 'दोनशे मीटर तर राहिलेत' असे म्हणत मी आणखी पुढे झुकलो. पुढच्या क्षणी पेडल पुढून खाली गेले आणि मी हातांवर आपटलो. मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये होते. चाकाचा दोष शून्य होता. त्याने आधी आवाजाने आणि मग पेडल उचलून मला दोनदा बजावले होते. पेडल असे वर येण्याला टिल्ट-बॅक म्हणतात आणि त्याचा अर्थ एकच असतो: वेग कमी करा. त्याच्याविरुद्ध जोर लावणे म्हणजे उरलीसुरली ताकदही मागून घेणे.

आता आपला पहिला पर्याय घेऊ. डांबरी रस्त्यावर मध्यम वेगाने जाताना चाकाला किलोमीटरमागे साधारण १५ ते २५ वॉट-अवर लागतात. वजन, चढ, वारा आणि वेग वाढला की आकडा वरच्या टोकाकडे सरकतो. आपल्यासाठी २० धरू. जाऊन-येऊन १८ किलोमीटर म्हणजे ३६० वॉट-अवर झाले आणि १४ इंची चाकाची बॅटरी आहे ३२०ची. कामाच्या ठिकाणी रोज चार्ज केले तरी परतताना, नेमक्या त्या लांब चढाला लागताना, बॅटरी निम्म्याखाली उतरलेली असणार. खोक्यावर छापलेला पल्ला सहसा हलका चालक, सपाट रस्ता आणि संथ वेग धरून काढलेला असतो. त्याच्या निम्मा ते दोनतृतीयांश हाती लागला तर तक्रार करण्यासारखे काही नाही. साठ किलोच्या आतल्या, तीन-चार किलोमीटर जाणाऱ्या आणि वाटेत बस किंवा रेल्वेत चढणाऱ्या माणसाला हेच चाक मी आनंदाने सुचवले असते, कारण १२ किलो एका हातात उचलता येतात. शिवाय १४ इंची चाक पटकन वळते आणि शिकायला सोपे वाटते. पण ते तितक्याच पटकन उखडलेल्या रस्त्यावर ठेचकाळते. आपल्या वाटेचा मधला भाग आणि शेवटचा चढ, दोन्ही त्याच्या विरोधात आहेत.

दुसऱ्या पर्यायाचा हिशेब असा. तीन वर्षे वापरलेली बॅटरी ८४० वॉट-अवरची राहिलेली नसते. तिची वीसेक टक्के क्षमता गेली असे सावधपणे धरले तर ६७० उरतात. त्यातून ३६० गेले की घरी पोहोचताना जवळजवळ निम्मी बॅटरी शिल्लक राहते, म्हणजे तो चढ आपण भरल्या पोटाने चढता. १६ इंची टायर खड्डा बऱ्यापैकी गिळतो आणि तरीही अरुंद जागेत वळवता येतो, म्हणून नवशिक्यासाठी हा आकार मध्यममार्ग मानला जातो. १८ इंचीही चालले असते, पण ते आपल्यासमोर नाही, तेव्हा त्याची चर्चा नको.

मित्राचे अर्धे म्हणणे खरे आहे. राखीव ताकद सर्वांत जास्त मोठ्या चाकातच असते. सव्वाशे किंवा त्याहून जास्त व्होल्टची प्रणाली ताशी ३० किलोमीटरला जवळजवळ झोपेत असते, आणि त्या अर्थाने संथ चालवले तर मोठे चाक लहान चाकापेक्षा सुरक्षित ठरते. हा मुद्दा पुष्कळ अनुभवी चालक मांडतात आणि मी तो खोडून काढणार नाही. अडचण चालवायला येण्यापूर्वीची आहे. पहिल्या काही दिवसांत चाक आपल्यापासून सुटून आडवे पडते, आणि ते एकदा-दोनदा नाही, तर एका दुपारीत वीस वेळा. १७ किलोचे चाक वीस वेळा उभे करणे हा व्यायाम आहे; ३५ किलोचे वीस वेळा उभे करणे ही पाठदुखी आहे, आणि ते घोट्यावर पडले तर त्याहून वाईट. जड चाक संथ वेगात वळवायलाही अंगात सवय लागते, आणि शिकणारा माणूस संथ वेगातच असतो. सस्पेन्शनचे म्हणाल तर ते सुखाचे असते, पण त्याचा हवेचा दाब किंवा स्प्रिंग आपल्या वजनाला जुळवावी लागते, हलणारे भाग साफ ठेवावे लागतात, आणि चाक पडून-आपटून ज्या काळात झिजणार त्याच काळात हे सगळे शिकत बसावे लागते. पहिल्या चाकाला त्याची गरज नाही.

राहिले जिने. ट्रॉलीचा दांडा ओढून चाक सपाटीवर सुटकेससारखे नेता येते, पण जिन्यावर तो दांडा कामाचा नाही. एखादी मजबूत पिशवी घ्या, तिच्यात ३५ किलो धान्य किंवा वाळू भरा आणि एका हाताने ती दुसऱ्या मजल्यावर नेऊन पाहा. मग त्यातले १७ किलो ठेवून पुन्हा न्या. हा प्रयोग मित्राच्या देखत केला तर फारसे बोलावे लागणार नाही.

वापरलेल्या चाकाची तपासणी इथे सविस्तर सांगतो, कारण या सौद्यात पैसा जातो तो बॅटरीत. लिथियम बॅटरी वापराने झिजते आणि नुसती पडून राहिली तरी वयाने झिजते, म्हणून 'फक्त बाराशे किलोमीटर चालवले आहे' या वाक्याने हुरळून जाऊ नये. चाक किती काळ आणि किती चार्ज असताना पडून होते, हे विचारावे. कपाटात महिनोन्‌महिने रिकामे ठेवलेले चाक रोज चालवलेल्या चाकापेक्षा वाईट निघू शकते. मालकाला आदल्या रात्री पूर्ण चार्ज करून ठेवायला सांगावे आणि भेटल्यावर आधी चाकाला जोडलेल्या मोबाइलच्या ॲपवर व्होल्टचा आकडा पाहावा. तो ६७च्या आसपास असायला हवा. हिरवा दिवा लागूनही आकडा ६५वर अडत असेल, तर चार्जर बिघडला आहे किंवा सेलचा एखादा गट मागे पडला आहे, आणि यांपैकी काय ते कळेपर्यंत पैसे देऊ नयेत.

त्यानंतर १० किलोमीटरची फेरी. आपल्याला अजून चालवता येत नाही, तेव्हा मालकालाच चालवू द्यावे आणि त्याचे वजन विचारून ठेवावे. आपल्याइतक्या वजनाच्या माणसाला या अंतरासाठी २०० वॉट-अवर लागतील, म्हणजे धडधाकट ८४०च्या बॅटरीतून साधारण चतुर्थांश. चाळीस टक्के गेले, तर ती बॅटरी आता पाचशेची उरली आहे असे समजून भाव करावा किंवा नमस्कार करून निघावे. चढावर जोर लावताना व्होल्टचा आकडा थोडा खाली येणे स्वाभाविक आहे. तो धाडकन कोसळून सपाटीवर लगेच उसळत असेल, तर सेल थकलेले आहेत.

मग चाक बंद करून आडवे करावे आणि हाताने फिरवावे. टायर वाकडा-तिकडा डोलतो का, बेअरिंगमधून खरखर येते का, हे शांत जागीच कळते. पेडलच्या कडा घासलेल्या असणारच, त्यांचे वाईट वाटून घेऊ नये. पेडल हाताने वरखाली हलवल्यावर खिळखिळे वाटते का, हे महत्त्वाचे. चार्जिंगच्या छिद्राचे रबरी झाकण उघडून आत टॉर्च मारावा. पांढरी किंवा हिरवट बुरशीसारखी पूड दिसली तर पाणी आत गेले होते आणि बॅटरीपर्यंत पोहोचले नसेलच याची हमी मालकही देऊ शकत नाही. आवरणाचे स्क्रू झिजलेले असतील तर चाक कोणी आणि का उघडले होते ते विचारावे. टायर-ट्यूब बदलण्यासाठी उघडले असेल तर ठीक. बॅटरी दुरुस्त करण्यासाठी उघडले असेल तर हा व्यवहार सोडून द्यावा, मग तो कितीही स्वस्त असो. घरातल्या घरात जोडलेली मोठी लिथियम बॅटरी दुसऱ्या मजल्यावरच्या घरात रात्री चार्जिंगला लावण्याचा धोका आपण घेऊ नये. चार्जर मूळचाच हवा, आणि चार्जिंग आपण जागे असताना, दारातून बाहेर पडण्याची वाट अडणार नाही अशा जागी करावे. याच बॅटरीमुळे चाक प्रवासी विमानातून नेता येत नाही. तिथली मर्यादा परवानगीसह १६० वॉट-अवरची आहे.

चाकाबरोबरच, त्याच दिवशी, सुरक्षेचे साहित्य घ्यावे आणि त्याचे पैसे चाकाच्या किमतीतच धरावेत. मनगटाचे गार्ड सर्वांत आधी, कारण पडताना माणूस हातच पुढे करतो. हनुवटी झाकणारे पूर्ण हेल्मेट, गुडघ्याचे आणि कोपराचे पॅड, आणि घोटा झाकणारे, सपाट व कडक तळाचे बूट. शिकण्याच्या काळात पोटरीच्या आतल्या बाजूला चाकाचे आवरण सतत घासते आणि तिथे निळे डाग पडतात. फुटबॉल खेळणारे नडगीवर लावतात ते पॅड उलटे करून आतल्या बाजूला बांधले की ही पीडा बरीच कमी होते. चाकाच्या दोन्ही बाजूंना जुन्या योगा-मॅटचे तुकडे चिकटवून टाकावेत, म्हणजे पडझडीने आवरण फुटणार नाही. पाय पकडून ठेवणारे जाड पॅड मालकाने लावलेले असतील, तर ते मात्र शिकेपर्यंत काढून ठेवावेत. पडताना पाय झटकन सुटायला हवा.

पहिल्या दिवशी चालवण्याचा प्रयत्नच करू नये. रिकामे, सपाट आवार आणि धरायला भिंत किंवा कठडा शोधावा. ॲपमधून वेगाची मर्यादा खाली आणावी आणि पेडल कडक ठेवणारा पर्याय निवडावा. टायरची हवा तपासावी. हवा कमी असेल तर चाक वळायला मंद होते आणि दोष आपलाच आहे असे वाटत राहते. मग एक पाय पेडलच्या मध्यावर ठेवावा, चाक किंचित आत कलते करून त्याचे आवरण पोटरीला टेकू द्यावे, आणि दुसऱ्या पायाने लंगडीसारखे ढकलत पुढे जावे. पाच सेकंद एका पायावर तरंगता आले की दुसरा पाय आपोआप वर येतो. त्याआधी तो ओढून वर घेतला की चाक आडवे जाते. नजर पायांकडे जाऊ देऊ नये, दहा-पंधरा मीटर पुढे ठेवावी. चालण्याच्या वेगाखाली तोल सांभाळणे सर्वांत अवघड असते, त्यामुळे भीतीपोटी संथ जाणारे जास्त पडतात. एका वेळी अर्धा तास पुरे. बहुतेकांना सरळ जाणे जमायला काही तास लागतात आणि ते तास आठवडाभरात वाटलेले बरे, कारण झोपेनंतर दुसऱ्या दिवशी पायांना आदल्या दिवशी न कळलेले काहीतरी कळलेले असते. हे का होते याचा मी पुष्कळ विचार केला आणि सोडून दिला.

रहदारीत जाण्याची घाई करू नये. थांबणे, वळणे, मागे वळून पाहणे आणि अचानक ब्रेक लावणे हे चारही मोकळ्या आवारात सहज जमेपर्यंत कामाची वाट धरू नये. पहाटे पूर्ण चार्ज झालेले चाक लगेच लांब उतारावर नेऊ नये, हेही लक्षात असू द्यावे. ब्रेक लावताना तयार होणारी वीज बॅटरीत परत जाते आणि भरलेल्या बॅटरीत तिला जागा नसते, म्हणून चाक तक्रार करून पेडल वर उचलते. आपल्या घराजवळचा चढ सकाळी उतार असणार, तेव्हा रोज नव्वद टक्क्यांवर चार्जिंग थांबवावे आणि अधूनमधून, उतार उतरायचा नसेल अशा दिवशी, सेल समपातळीवर यावेत म्हणून शंभर टक्के करावे.

आपल्या भागातला कायदा खरेदीपूर्वी वाचून घ्यावा. या वाहनाला कुठे परवानगी आहे, कुठे ते खासगी जागेपुरते आहे, आणि कुठे एका कलमामुळे ते बाहेर पडते. जर्मनीच्या २०१९च्या नियमात छोट्या इलेक्ट्रिक वाहनाला हँडल किंवा धरायचा दांडा असणे सक्तीचे केले आहे, म्हणून तिथे रस्त्यावर स्कूटर चालते आणि चाक चालत नाही. फ्रान्समध्ये त्याच वर्षीच्या नियमांनी ताशी २५ किलोमीटरच्या मर्यादेत ते चालते.

सहा महिन्यांत पुन्हा पैसे घालावे लागतील का, हा मित्राचा शेवटचा मुद्दा. कदाचित लागतील. नऊ किलोमीटरच्या वाटेसाठी मला तसे वाटत नाही, परंतु चाकाची गोडी लागली तर माणूस वाट लांबवतो. तसे झाले तर आधीच वापरलेले चाक विकताना नव्या चाकाइतकी घट सोसावी लागत नाही, आणि पडून आलेले ओरखडे दुसऱ्याच्या ओरखड्यांत मिसळून जातात. मित्राकडे ते मोठे चाक असेल, तर पाचशे-सातशे किलोमीटर झाल्यावर त्याच्याकडून एक सकाळ मागून घ्यावे, मोकळ्या आवारात चालवावे आणि घरी परतल्यावर दोन जिने वर न्यावे. त्यानंतर आपल्याला काय वाटले, ते अवश्य कळवावे.